बिनमिठाचा घास

१

नवरा निवृत्त झाला की घराला हातभार लागेल, अशी माझी भाबडी समजूत होती. किशोरने अंबडच्या कंपनीतून वेळेआधी निवृत्ती घेतली तेव्हा मी मनात म्हटलं, चला, निदान भाजी तरी आणून देईल. भाजी काही आली नाही. आली ती बाजरी. मग राळे आले, तांदळाची कणी आली, सूर्यफुलाच्या बिया आल्या आणि शेवटी कुरिअरने एक चकचकीत पिशवी आली. तिच्यावर एका गुबगुबीत पक्ष्याचं चित्र होतं. तसला पक्षी नाशकात जन्मात कोणी पाहिला नसेल.

पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाउस आहे. मागच्या दाराबाहेर ओटा, ओट्याला दोन पायऱ्या, मग धुणं वाळत घालायची जागा, एक शेवगा आणि छातीएवढी भिंत. ह्या एवढ्याशा जागेला किशोर परसबाग म्हणायचा. दिवसभर मोबाइलवर पक्ष्यांचे व्हिडिओ बघायचा आणि जेवताना मला शिकवायचा. ब्रेड द्यायचा नाही, नुसतं पोट भरतं. फरसाण द्यायचं नाही, मीठ पक्ष्यांना बाधतं. चिमणीला बारीक दाणा, बुलबुलाला केळं, साळुंकीला शिजवलेला भात. तीस वर्षांत मला काय चालतं आणि काय बाधतं हे त्याने एकदाही इतक्या अगत्याने विचारलं नव्हतं.

बरं, एवढं करून पक्षी खात होते का? नाव नको. ताटली सकाळी भरून ठेवायची आणि संध्याकाळी मुंग्यांसकट उचलायची. ते काम अर्थात माझं.

आणि भिंतीपलीकडे आमची शेजारीण खुर्शीदा. तिला व्हिडिओ माहीत नाहीत, राळे माहीत नाहीत. ती सकाळी शिळ्या पोळीचा चुरा आणि मूठभर बाजरी तिच्या अंगणात फेकते की साऱ्या पाथर्डीच्या चिमण्या तिथे लोटतात. वर ती भिंतीवरून मलाच विचारायची, "क्यूं भाभी, तुमच्याकडे येत का नाही हो पाखरं? मी काय पढवून नाही ठेवलं त्यांना, अल्ला कसम."

"आमच्याकडचं फार महाग आहे," मी म्हणायचे. "त्यांना परवडत नसेल."

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासूनच खटकायची. पक्षी आमच्याकडे येत नव्हते असं नव्हतं. ते भिंतीपर्यंत यायचे. तिच्या अंगणात भांडणाऱ्या चिमण्या उडून भिंतीवर बसायच्या आणि तोंड आमच्याकडे करून गप्प व्हायच्या. भिंतीच्या त्या बाजूला कलकलाट आणि ह्या बाजूला तोंड केलेली चिमणी मुकी. रेडिओचं बटण बंद करावं तसं. मी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्या घरात दोन आणि दोन चारच होतात. तेव्हा मी ठरवलं की शेजारच्या मांजराचा वास येत असणार.

२

किशोरच्या ह्या वेडामागचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून मी फार ओरडत नव्हते. म्हणजे ओरडत होते, पण पोटातून नाही.

माझे सासरे पुंजाबाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. दिंडोरीकडचे द्राक्षवाले शेतकरी, अंगाने दांडगे. शेवटचे काही महिने आमच्या मागच्या खोलीत असायचे. आजार असा काही नाही. रिपोर्ट सगळे चांगले. पण माणूस उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा कमी होत गेला. जेवण अर्धवट टाकायचे. किशोर त्यांचं ताट उचलून ओट्यावर ठेवायचा, मी शिकवणी आटोपून घासायला जायचे तर ताट स्वच्छ. मला वाटायचं, मांजर चांगलं पोसलं जातंय.

बाबांनी एकदा माझा हात धरला होता. "पोरी, माझं ताट भाईर नको ठिवू."

"का हो बाबा?"

"पाखराचा घास जेवायच्या आधी काढायचा आस्तो. उष्टं नाय ठिवायचं भाईर. भाईर काय पाखरंच हायेत व्हय?"

मी किशोरला सांगितलं. तो म्हणाला, "जुनी माणसं, त्यांचे जुने नियम." मीही मान हलवली, कारण बेसिनमध्ये आधीच भांड्यांचा ढीग होता.

दहाव्याला पंचवटीत रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. नाशिकच्या माणसाला हे काही नवीन नाही. तिथले कावळे इतके सराईत की पिंड ठेवायच्या आत झडप घालतात. शेजारच्या लोकांचे पिंड भराभर शिवले जात होते. आमच्याजवळ कावळे यायचे, हातभर अंतरावर बसायचे, तोंडातून आवाज नाही. किशोरने हात जोडून सगळं कबूल केलं. बाग विकणार नाही म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही म्हणाला. मग धावत जाऊन जिलबी आणली, शेव आणली, बाबांची तंबाखूची पुडीसुद्धा ठेवली. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून किशोर पक्ष्यांना काय आवडतं ते शोधत होता. बापाला काय हवं होतं ते त्याला कळलं नाही, म्हणून. मला त्याची कीव यायची आणि त्याच वेळी ती बाजरीची पिशवी त्याच्या डोक्यावर रिकामी करावीशी वाटायची.

३

होळीच्या सुमाराला किशोरच्या छातीत दुखलं. हृदयात एक स्टेंट बसला, आणि डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंदच केलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आता दोन स्वयंपाक: एक माझा, एक साहेबांचा बिनमिठाचा.

आणि साहेब जेवतील तर शपथ. मुगाची खिचडी, दोन घास खाऊन ताट सरकवलं. दोडक्याची भाजी, नाक मुरडलं. मी सकाळी उठून कोथिंबीर, लिंबू, आलं घालून मिठाशिवाय चव आणायची कसरत करायचे आणि हा लहान मुलासारखा शितं चिवडत बसायचा.

"किशोर, तू जेवला नाहीस तर मी ही खिचडी तुझ्या पक्ष्यांना घालीन."

हे मी चिडून म्हणाले. त्याने मात्र वर पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "अगं, बिनमिठाचं आहे! शिजवलेलं, मऊ, तेल नाही. सगुणा, ह्याच्याइतकं योग्य खाणं नाही पक्ष्यांना!"

ताट घेऊन तो मागे गेला, ओट्यावर ठेवलं आणि गोळ्या घ्यायला आत आला. अर्ध्या तासाने ओरडतच आला. ताट रिकामं. एक शीत नाही.

त्या दिवशी इतक्या महिन्यांनी तो हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी लगेच त्या गुबगुबीत पक्ष्याची पिशवी उचलून खुर्शीदाला देऊन टाकली.

४

पण मग किशोर मुद्दाम उरवायला लागला. आधी चार घास उरायचे, मग अर्धं ताट. "त्यांना आवडतं गं," असं म्हणायचा, जसं काही घरात पाहुणे होते. त्याचा पट्टा एक भोक आत गेला. जिना चढताना मध्येच उभा राहून फोटो बघतोय असं दाखवायचा; त्या जिन्यात बघण्यासारखा एकच फोटो आहे आणि तो माझ्या माहेरचा आहे, त्याला त्यात कधी रस नव्हता. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत.

रिपोर्ट उत्तम आहेत. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

मी त्याला सांगितलं, "तुझं तू खा. पक्ष्यांसाठी मी वेगळं काढून ठेवते." एकाच कुकरमधली खिचडी, तीच बिनमिठाची, तशाच स्टीलच्या ताटात. त्याच्या उष्ट्या ताटाशेजारी ठेवली. त्याचं ताट लख्ख झालं. माझ्या ताटात खिचडीला साय धरली.

गणिताच्या बाईने एका उदाहरणावर विश्वास ठेवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी मी ताटांच्या जागा बदलल्या. मग मी स्वतः त्यातलं अर्धं खाऊन माझं उष्टं ठेवलं, म्हटलं कालवलेलं आवडत असेल. मग दोघांचे ढीग एकाच ताटात, मधे बोटभर जागा सोडून. दर वेळी माझं तसंच राहिलं आणि त्याचं गेलं. एका ताटातलं अर्धं इतकं नीट गेलेलं होतं की मधली रेघसुद्धा जागेवर होती.

"कशी काय ओळखतात?" मी विचारलं.

"पक्षी फार हुशार असतात," किशोर कौतुकाने म्हणाला.

"तू त्यांना खाताना पाहिलंस का?"

त्याने मोबाइल खाली ठेवला. "आपण बघत असलो की ते उतरत नाहीत. बुजरे असतात ना."

मला संताप आला. इतके महिने, इतके व्हिडिओ, आणि माणसाने एकदाही पाहिलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी त्याने ताट ठेवलं आणि आंघोळीला गेला. मी स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. सकाळचे दहा, चांगलं लख्ख ऊन. पलीकडे खुर्शीदाच्या अंगणात नेहमीचा दंगा. न्हाणीघरात किशोर बादलीच्या तालावर काहीतरी गुणगुणत होता.

एकेक करून पक्षी भिंतीवर आले. चिमण्या, साळुंक्या, दोन होले, शेवटी एक कावळा. आले तसे गप्प झाले. मी म्हटलं, आता उतरतील. मी वाट बघत राहिले.

ते उतरले नाहीत.

आधी मला वाटलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलंय. मी चष्मा पुसला. ताटातली खिचडी हलत होती. कडेपासून आत एक चर पडत होता, घास घ्यायला आपण बोटांनी ओढतो तसा. मग तेवढा भाग नाहीसा व्हायचा. मग दुसरा चर. सावकाश, अगदी निवांत, चवीने. ताटाचा ओट्यावर आवाज होत नव्हता. आणि पक्षी सगळेच्या सगळे भिंतीवर होते. माझ्यासारखेच ते बघत होते.

वारा असेल, मी स्वतःला म्हटलं. शेवग्याचं पान हलत नव्हतं. मुंग्या असतील, म्हटलं. घासाएवढ्या मुंग्या?

शेवटी ताटातून एक बोट फिरल्यासारखी ओली रेघ उमटली आणि ताट संपलं. मग भिंतीवरच्या सगळ्या माना हळूहळू वळल्या. ताटावरून पायरीवर. पायरीवरून भिंतीच्या कडेकडेने. एखादं माणूस चालत गेलं तर आपण त्याच्याकडे बघत राहतो ना, तशा. आणि न्हाणीघराच्या खिडकीशी थांबल्या. आत किशोर गुणगुणत होता.

मी धावत जाऊन न्हाणीघराचं दार बडवलं.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी वाया घालवू नकोस."

दुसरं काय सांगणार होते?

६

मी मागच्या दाराला कुलूप लावलं आणि किशोरला सांगितलं की सोसायटीची तक्रार आली, घाण होते. तो दिवसभर फुरंगटून बसला. त्याचं उष्टं मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सकाळी घंटागाडी आली तेव्हा डबा बाहेर नेला, झाकण घट्ट होतं. उघडलं तर भाज्यांची देठं, चहाचा चोथा सगळं होतं, खिचडी नव्हती. दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये भरपूर पाणी सोडून वाहवून दिली. संध्याकाळी जाळीला हात लावला तर ती कोरडी आणि घासल्यासारखी लख्ख. माझ्या घरात ती जाळी इतकी स्वच्छ कधीच नसते, मला माझं माहीत आहे.

म्हणजे ते उष्टं कुठेही जाऊन उपयोग नव्हता. ते कुठेही जाताच कामा नये.

लग्नात आमच्याकडच्या बायकांनी मला किशोरच्या उष्ट्या ताटात जेवायला बसवलं होतं. रीतच होती. मी ताडकन उठले होते. सगळ्या मांडवात चर्चा झाली, सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. तीस वर्षं मी ह्या गोष्टीचा अभिमान बाळगला, शिकवणीतल्या पोरींनासुद्धा सांगितली. आणि आता मी त्याच्यासमोर बसून त्याने सरकवलेलं ताट माझ्यापुढे ओढलं आणि गार, अळणी, चिवडलेली खिचडी शितन् शीत खाल्ली. ताट पुसून बोट चाटलं.

किशोर बघतच राहिला. "सगुणा, तू? माझ्या ताटात?"

"अन्न टाकायचं नाही," मी म्हणाले. "महागाई बघतोस ना."

त्याचे डोळे भरून आले. ह्या माणसाला कशाचं कधी प्रेम वाटेल काही नेम नाही.

मग रोज तेच. त्याचं उरलेलं मी खायचे, वर माझं पूर्ण ताट संपवायचे. मागच्या बाजूला काही जायचं नाही. आणि उपाय लागू पडला. महिन्याभरात त्याचा चेहरा भरला. जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढायला लागला. भूक तर अशी लागली की तोच ताट पुसून ठेवायचा, मला काही उरेना. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली आणि स्वतःशीच मोठ्याने हसले. वाटलं, सुटलो. मुळात काही नव्हतंच. बाई, वय झालं तुझं.

"भाभी, बारीक झाल्या हो," भिंतीवरून खुर्शीदा म्हणाली. "डाएट करता का?"

"दोन माणसांचं खाऊन?" मी म्हणाले.

पण बांगड्या खरंच कोपरापर्यंत सरकत होत्या. उन्हाळा, मी म्हटलं.

७

आज मला जेवण गेलं नाही.

विशेष काही नाही. सकाळी दोन बॅचेस घेतल्या, डोकं जड झालं. हल्ली मीही त्याच्यासोबत बिनमिठाचंच खाते. कोण दोनदा कुकर लावणार? चार घास खाल्ले आणि पाचवा तोंडाशी नेता येईना. म्हटलं, जरा पाठ टेकते, मग संपवते. ताट झाकून मागच्या खोलीत बाबांच्या पलंगावर आडवी झाले. तिथे खिडकीतून वारा येतो.

डोळा लागला असावा. कुलपाच्या आवाजाने जाग आली.

"किशोर?"

"झोप गं तू." त्याचा आवाज मागच्या दारातून आला, आनंदी, ठणठणीत. "तुझं उरलंय ते वाया कशाला घालवायचं? सोसायटीला कळणार नाही, मी लगेच आत घेतो."

"किशोर, नको. ते ताट आत आण."

मी ओरडले असं मला वाटलं. आवाज उशीतच राहिला. उठायचा प्रयत्न केला. कोपरावर जरा उचलले गेले आणि परत आडवी झाले. ओट्यावर ताट ठेवल्याचा टण आवाज झाला. त्याची चप्पल फटफटत आत आली. तो गोळ्या घ्यायला गेला, वेळेवर, शहाण्यासारखा.

माझंच तर उष्टं आहे, मी मनाशी म्हटलं. माझं तर कधीच घेतलं नाही. तीन-तीन वेळा ताडून पाहिलंय मी. मुंग्या लागतील त्याला. साय धरेल.

पलीकडे खुर्शीदाच्या अंगणात चिमण्या भांडत होत्या. मी तो कलकलाट कान देऊन ऐकत राहिले. इतका गोड मला तो कधी वाटला नव्हता. चालू दे, म्हटलं, चालू दे.

तो थांबला.

खिडकीतून भिंत दिसत होती. सगळे आले होते. चिमण्या, साळुंक्या, होले, कावळा. खाली ओट्याकडे बघत बसले होते. बराच वेळ. मग त्यांच्या माना हळूहळू वळायला लागल्या. ताटावरून पायरीवर. पायरीवरून भिंतीच्या कडेकडेने. आणि मग त्या सगळ्या काळ्या डोळ्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. अगदी माझ्याकडे नाही. माझ्या थोडं अलीकडे.

किशोर दारात आला. हातात ताट होतं, लख्ख, मधे बोटाची एक ओली रेघ. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा असा उजळलेला होता.

"बघ सगुणा! शीतसुद्धा ठेवलं नाही. परत यायला लागले ते!" तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने माझा हात हातात घेतला. "उद्यापासून तू थोडं जास्त वाढून घेत जा."